प्रकाशाने चुंबक उलटतो, पण तसा नाही

प्रकाशाच्या एका झटक्याने चुंबक उलटतो (त्याच्या उत्तर-दक्षिण दिशांची अदलाबदल होते), तोही उष्णतेशिवाय, फेम्टोसेकंदात; आणि हेच तंत्र नव्या हार्ड डिस्कमध्ये आले आहे, असा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचा गाभा खरा आहे, म्हणूनच भोवतालची भर खटकते. हा विषय मला फार प्रिय आहे, चुकीच्या कारणासाठी त्याचे कौतुक झालेले पाहवत नाही.

आधी ‘उष्णतेशिवाय’ हा शब्द घेऊ. या संशोधनाची सुरुवातच तापवण्यातून झाली. 1996 मध्ये स्ट्रासबर्गच्या गटाने निकेलच्या पातळ थरावर 60 फेम्टोसेकंदांचे लेसर स्पंद, म्हणजे क्षणिक झटके, टाकले. (सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद.) इलेक्ट्रॉन तापले आणि हजार फेम्टोसेकंदांच्या आतच चुंबकत्व घसरले. घसरले, उलटले नाही. उलटवणे साधले ते 2007 मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या गटाला, गॅडोलिनियम, लोह आणि कोबाल्टच्या मिश्रधातूत. त्यांनी वर्तुळाकार ध्रुवित, म्हणजे पिळासारखा फिरत जाणारा, प्रकाश वापरला होता. त्यामुळे प्रकाशाचा पीळच चुंबक फिरवतो, असे वाटले. 2012 मध्ये दिसले की पीळ नसलेला स्पंदही पुरतो. अचानक आलेली उष्णताच हे काम करते.

ती कशी, हे मला सर्वांत सुंदर वाटते. या मिश्रधातूत लोह आणि गॅडोलिनियम यांची चुंबकत्वे एकमेकांच्या विरुद्ध दिशेला असतात. स्पंद पडताच लोहाचे चुंबकत्व सुमारे 300 फेम्टोसेकंदांत शून्यावर येते, गॅडोलिनियमला सुमारे 1500 लागतात. या फरकात लोह पलटून क्षणभर गॅडोलिनियमच्याच दिशेला येते, मग गॅडोलिनियमही फिरते. म्हणजे स्पंद फेम्टोसेकंदांचा असला, तरी उलटणे पिकोसेकंदांचे (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) काम आहे.

उष्णता जवळपास टाळणारी वाटही आहे. 2017 मध्ये कोबाल्ट मिसळलेल्या गार्नेट या पारदर्शक स्फटिकात एका स्पंदाने चुंबकत्व उलटवले गेले आणि तापणे अगदी नगण्य होते. पण तो निराळा पदार्थ आहे. त्याचा गुण धातूंना चिकटवता येत नाही.

आता माहिती लिहिण्याचे. उष्णतेने होणारी ही उलटापालट बटणासारखी असते: प्रत्येक स्पंद आधीची स्थिती फिरवतो. शून्य होता की एक, हे आधी वाचल्याशिवाय हवे ते लिहिता येत नाही. शिवाय साध्या भिंगाने लेसरचा ठिपका शेकडो नॅनोमीटरांखाली आणणे कठीण, तर डिस्कवरचा बिट (शून्य किंवा एक साठवणारा ठिपका) काही डझन नॅनोमीटरांचा.

हार्ड डिस्कमध्ये लेसर आहे, हे खरे. 2024 मध्ये सीगेट या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलेल्या 30 टेराबाइटच्या डिस्कमध्ये तो लोह-प्लॅटिनमचा चिमुकला ठिपका तापवतो. पण तापलेल्या ठिपक्याची दिशा ठरवते ते लेखन-शीर्षातल्या (डिस्कवर लिहिणाऱ्या टोकातल्या) नेहमीच्या विद्युत-चुंबकाचे क्षेत्र. ते क्षेत्र बंद ठेवले, तर लेसर कितीही चमकला तरी हवा तो बिट लिहिला जात नाही.