भावपूर्ण, दहा बाय सहा

ड्रॉइंगचे सर ब्याण्णवाव्या वर्षी गेले आणि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर दोन तासांत ठरलं, की चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलाच पाहिजे. काम माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर शाळेतल्या इंटरमिजिएट ड्रॉइंग ग्रेड परीक्षेला मला ‘अ’ श्रेणी होती. आजच्या पोरांना त्या श्रेणीचे दहावीला सात गुण मिळतात. मला इतक्या वर्षांनी फ्लेक्स मिळाला.

बरं, माणूस कोण? अर्ध्या गावाच्या पाट्या ज्याने हाताने रंगवल्या, फ्लेक्स आल्यावर ज्याचा जोडधंदा बसला, आणि जो फ्लेक्सला ‘प्लास्टिकचं धोतर’ म्हणायचा तो!

सर वयाच्या अठ्ठावन्नपर्यंत शाळेत शिकवत होते आणि त्यानंतर जो सापडेल त्याला. चित्रकलेचा शिक्षक म्हणजे फळ्यावरचा सुविचार, प्रमाणपत्रांवरची नावं, सव्वीस जानेवारीची रांगोळी, स्नेहसंमेलनाचा पडदा, आणि उरलेला तास गणिताच्या मास्तरांना दान. पडद्याच्या कामाला कुणी हलकं म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे. लगेच बाबूराव पेंटर निघायचे. “अरे, कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या माणसाने स्वतःचा कॅमेरा बनवून १९२० साली मूकपट दाखवला. तुमच्या पडद्यामागून काय निघतं?” आमच्या पडद्यामागून बहुधा शिपाई निघायचा, चहा घेऊन.

खरे सर दिसायचे ते ग्रेड परीक्षेच्या तयारीत. टेबलावर कळशी, तांब्या, दोन वांगी. हात ताठ, पेन्सिल उभी, एक डोळा मिटून माप घ्यायचं. अख्खा वर्ग त्या एका कळशीला डोळा मारत बसलेला. सर मागून येऊन उभे राहायचे तेव्हा मानेला कळायचं, कारण आधी टर्पेंटाइनचा वास यायचा. “तोंड लंबगोल काढलंस आणि बूड सपाट? बुडाला काय पट्टी लावून कापलीस?” वरचा गोल जितका उघडा दिसतो त्याहून खालचा जास्त उघडा दिसतो, हे मला भूमितीने नाही, त्या कळशीने शिकवलं. वांग्यांचं पुढे काय होत असे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

आणि अक्षरलेखन! चुन्यात भिजवलेलं सूत ताणून भिंतीवर फट्‌कन सोडायचं, दोन रेषा उमटल्या की मगच ब्रश. “पहिलं अक्षर लिहिण्याआधी शेवटचं कुठे बसतंय ते बघ.” हे न पाळणाऱ्यांच्या पाट्या गावात आहेत. ‘किराणा’ ऐसपैस आणि ‘भुसार’ दाराच्या चौकटीत घुसलेलं.

तर असा सगळा वारसा घेऊन मी फ्लेक्सवाल्याकडे गेलो. कॉम्प्युटरवर बसलेला पोरगा म्हणाला, “काका, फोटो?”

फोटो नव्हता. गावभराच्या आजोबांची तैलचित्रं काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा धड फोटो कुणाकडेच नव्हता. शेवटी निरोप समारंभाच्या ग्रुप फोटोतून सरांना कापून काढलं, पण खांद्यावर हेडमास्तरांचा हात राहिला. पोराने हात पुसला, तसा सरांचा खांदाही गेला. नवा खांदा दुसऱ्या कुणाचा तरी बसवला. मग त्याने माऊस फिरवून सुरकुत्या काढल्या, चेहरा उजळला, आणि सर नगरपालिकेला उभे राहिल्यासारखे दिसू लागले.

“अरे, ते सावळे होते.”

“श्रद्धांजलीला उजळच करतात, काका.”

सावलीत काळा रंग ओतायचा नाही, कातडीच्या सावलीत हिरवा शोधा, जांभळा शोधा, असं सर कानीकपाळी ओरडायचे. मी नम्रपणे म्हटलं, “चेहऱ्यावर जरा सावली ठेव.” त्याने ‘श्रद्धांजली’ला शॅडो दिली. ‘द्ध’च्या जागी ‘ध्द’ होतं, त्यालाही दिली. ते दुरुस्त करायला सांगितलं तर म्हणाला, या फॉन्टमध्ये असंच येतं, आजवर कुणी तक्रार केली नाही. ज्याच्यासाठी फ्लेक्स करतात त्याने ती करावी, अशी बहुधा त्याची अपेक्षा असावी. मी हटलो नाही. फॉन्ट बदलून घेतला.

तोवर ग्रुपवर ‘शोकाकुल’ गोळा होत होते. प्रत्येकाला नाव हवं, नावाला फोटो हवा, फोटोत गॉगल हवा. एका माजी नगरसेवकाचा निरोप आला, की आपला फोटो कोपऱ्यात नको आणि हात जोडलेला हवा. जागा तेवढीच. पोरगा दर नव्या शोकाकुलागणिक सरांना थोडं लहान करत गेला. शेवटचं अक्षर कुठे बसतंय हे आधी न बघितल्याचा परिणाम मी डोळ्यांदेखत पाहत होतो. अखेर सर वरच्या कडेला, मावळत्या सूर्याच्या शेजारी, साधारण सूर्याएवढेच उरले. मी भांडून नगरसेवकांचा एक हात कमी करवला आणि सरांना खांद्यासकट थोडी जागा मिळवून दिली.

फ्लेक्स चौकात चढत असतानाच फोन वाजला. शोकाकुलांपैकी तिसऱ्या रांगेतला, डावीकडून दुसरा. आवाज जड होता. सर किती मोठे होते, त्याच्या दुकानाची पाटी त्यांनी कशी फुकट रंगवून दिली होती, वगैरे बराच वेळ बोलला. मग म्हणाला, “दहावं-तेरावं झालं की तो फ्लेक्स माझ्याकडे दे. गोठ्याचा पत्रा गळतोय. दहा बाय सहाच आहे ना?”