वाट पावसाने नाही लावली

आमचा टेकडीवरचा ट्रेक होऊन चार दिवस झाले, ग्रुपवर एकच चाललंय, "पावसाने वाट लावली यार". चिखलाने माखलेले बूट, उलटी झालेली छत्री, असले फोटो आणि खाली हसून लोळणारे इमोजी. मी पण दोन टाकले. पण आता जरा नीट लिहायचंय, कारण मला अजिबात वाटत नाही की पावसाने वाट लावली. वाट आम्ही सहा जणांनी मिळून लावली, आणि ती पण कुणाचं मन मोडू नये म्हणून.

तारीख जुळवायलाच दोन महिने गेले होते. ज्यांनी असे ग्रुप चालवलेत त्यांना माहितीये, एकदाची तारीख मिळाली की ती कुणी हलवू शकत नाही, आभाळ फाटलं तरी. आदल्या रात्री हवामानाच्या ॲपवर पावसाची शक्यता ४० टक्के दिसत होती आणि त्याचे सहा जणांनी सहा अर्थ काढले. एक म्हणाला म्हणजे ६० टक्के कोरडंच आहे ना. एकीला वाटलं दिवसाचा ४० टक्के वेळ पडणार, मग सकाळी लवकर निघू. अहो, त्याचा साधा अर्थ एवढाच की असे दहा दिवस घेतले तर साधारण चार दिवशी तुम्ही जिथे आहात तिथे पाऊस पडेल. किती पडेल, किती वेळ पडेल, हे त्या आकड्यात नसतंच. भुरभुर पण त्यात आणि धो धो पण त्यात. हे मला माहीत होतं. मी बोलले नाही. उगाच अपशकुन कशाला!

चाल होती १२ किलोमीटरची, चढ साधारण ३०० मीटर. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला एक हिशोब अजून चालतो, ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे आमचे झाले तीन तास. लागले साडेपाच. कारण तो हिशोब बऱ्या वाटेचा आहे, चिखलात प्रत्येक पाऊल उपटून काढणाऱ्यांचा नाही.

पाऊण तासाने पाऊस सुरू झाला. तिघांकडे रेनकोट, एकाकडे छत्री, दोघं "काही होत नाही" वाले. त्या दोघांपैकी एकाने जीन्स घातलेली. मोकळ्या रानात १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर १ लिटर पाणी, आणि जीन्स त्यातलं मिळेल तेवढं पिऊन घेते आणि सोडायचं नाव घेत नाही. कापूस भिजला की ऊब संपली. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट जोरात उष्णता ओढून नेतं, म्हणून कडाक्याची थंडी नसली तरी ओल्या कपड्यांना वारा लागला की माणूस कुडकुडायला लागतो. आमच्या जीन्सवाल्याला नंतर सॅकची चेन उघडता येईना, बोटंच ऐकत नव्हती. तेव्हा सगळे हसले. मला आता त्या हसण्याची लाज वाटते, कारण बोटं अशी बधिर होणं ही चेष्टेची गोष्ट नाही, शरीर थंड पडायला लागल्याची खूण असते ती.

पण मला सांगायचीये ती दहा मिनिटं. आम्ही एका मोठ्या झाडाखाली उभे होतो, गाडी जेमतेम चार किलोमीटर मागे, आणि परत फिरायची वेळ असेल तर तीच होती. कुणीतरी विचारलं, काय करायचं? "तुम्ही म्हणाल तसं." "मला काहीही चालेल." "बघू थोडा वेळ, थांबेल." सहा जण आणि एकाचंही स्वतःचं मत नाही. "मला काहीही चालेल" हे मला आता चक्क अंगचोरपणाचं वाक्य वाटतं, ऐकायला समजूतदार, पण ओझं गुपचूप दुसऱ्याच्या खांद्यावर.

तेवढ्यात वीज चमकली. मी सेकंद मोजले, नऊ. त्याला तीनने भागायचं, म्हणजे वीज तीन किलोमीटरवर, आणि आम्ही उभे कुठे, तर आजूबाजूला काही नसलेल्या एकट्या उंच झाडाखाली! हे मात्र मी ओरडून सांगितलं आणि सगळे पळाले. कुठे पळाले? पुढे. मागे का नाही, तर सगळ्यात पुढे उभा असलेला पुढे पळाला म्हणून. आमचा निर्णय झाला तो असा.

मग तो ओढा. एरवी दगडावरून दगडावर पाय टाकत ओलांडतात म्हणे. आम्ही पोचलो तेव्हा गढूळ, गुडघ्यापर्यंत, आणि चांगलाच ओढणारा. वेगात वाहणारं पाणी वीतभर सुद्धा नसलं, १५ सेंटिमीटरच असलं तरी धडधाकट माणसाचे पाय उखडू शकतं, हे मी घरी आल्यावर वाचलं. आम्ही हात धरून साखळी केली आणि पार झालो, एक मैत्रीण घसरली, गुडघा फुटला, थोडक्यात निभावलं. शौर्य म्हणून त्याचा फोटो फिरतोय. प्लीज नका फिरवू.

आणि गाडीत बसल्यावर काय कळलं माहितीये? सहाच्या सहा जणांना त्या झाडाखालीच परत फिरायचं होतं. प्लॅन करणाऱ्याला सुद्धा! त्याला वाटलं आपण बोललो तर सगळे नाराज होतील, आम्हाला वाटलं तो नाराज होईल. जेरी हार्वे नावाच्या एका प्राध्यापकाने १९७४ मध्ये याच गोष्टीवर लिहून ठेवलंय, त्याला ॲबिलीन पॅरॅडॉक्स म्हणतात. टेक्सासच्या भर उन्हात एक कुटुंब एसी नसलेल्या गाडीतून लांब जेवायला जातं, वैतागून परत येतं, आणि मग कळतं की जायचं कुणालाच नव्हतं. उन्हाच्या जागी पाऊस घाला, आम्हीच.

यावर लोक सांगतात की लीडर खमका पाहिजे. मला नाही पटत. ओला, दमलेला, दोन महिने खपून प्लॅन केलेला माणूस त्या क्षणी नीट ठरवूच शकत नाही, "एवढं आलोय तर" हे त्याच्याच डोक्यात सगळ्यात मोठ्याने वाजत असतं. म्हणून ठरवायचं ते घरी, कोरड्या कपड्यात. अमुक वाजेपर्यंत अर्धी वाट झाली नाही तर परत, गडगडाट ऐकू आला तर परत, आणि एकाने जरी "परत" म्हटलं तरी सगळे परत, त्याला कारण विचारायचं नाही. मोठ्या डोंगरांवर अशी परतीची वेळ आधीच ठरलेली असते. एव्हरेस्टवर मे १९९६ मध्ये दुपारचे दोन वाजून गेल्यावरही काही जण वर चढतच राहिले, नंतर वादळ आलं, त्यात आठ जण गेले. कुठे एव्हरेस्ट आणि कुठे आमची टेकडी, हसा खुशाल. पण पाय मागे न वळण्याचं कारण दोन्हीकडे मला सारखंच दिसतं.

आणि हो, "भिजण्यात पण मजा असते" म्हणणाऱ्यांनो, असते ना, घर दहा मिनिटांवर असेल तेव्हा!

काल रात्री पुढच्या प्लॅनची तारीख पडलीये. मी लगेच खाली लिहिलं, परतीची वेळ आत्ताच ठरवू, मला अकरा बरी वाटते, तुम्हाला? पाचही जणांनी मेसेज बघितलाय. उत्तर अजून एकाचंही नाही.