गोड शब्द बाहेरच्यांसाठी राखून ठेवावेत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या माणसाला शब्दांची पर्वा नाही, असा आरोप शत्रूही करणार नाही. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे नाव सरकारी कागदांवर ‘बेळगावी’ झाले, तेव्हापासून लग्नपत्रिकेवरची आणि दुकानाच्या पाटीवरची एकेक वेलांटी आपण ज्या बारकाईने तपासतो, त्या बारकाईने स्वतःचा रक्ताचा रिपोर्टही वाचत नाही. पाटीवर साठ टक्के कन्नड असलीच पाहिजे, असा कायदा २०२४ साली आल्यापासून तर अक्षरे मोजण्याचेही काम वाढले आहे. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्यातल्या तारखा आपल्याला तोंडपाठ असतात. एवढी दक्षता घराबाहेर खर्ची पडल्यावर उंबऱ्याच्या आत शिल्लक काही राहत नाही, हे ओघानेच आले. अशा वेळी ‘घरातही शब्द विचारपूर्वक निवडा, नाती सुधारतील, मन शांत राहील’ असे सांगणारे कोणी भेटलेच, तर त्यांच्या नादी लागू नये म्हणून हे चार शब्द.

मुळात आपल्याला विचारपूर्वक बोलता येत नाही असे नाही. गणपत गल्लीत भाजी घेताना आपण ‘अक्का, एष्ट्री?’, म्हणजे ‘ताई, केवढ्याला हो?’, असे अदबीने विचारतो. कन्नड आपली मातृभाषा नसल्यामुळे प्रत्येक शब्द बाहेर पडण्यापूर्वी एकदा तोंडात घोळवावा लागतो, शेवटचा ‘री’ राहून गेला तर उद्धट ठरू अशी धास्ती असते, आणि त्यामुळे मेथीच्या एका पेंडीचा सौदाही दोन संस्थानांच्या वकिलांनी तह करावा इतक्या सभ्यतेने पार पडतो. तीच पेंडी घेऊन आपण घरी येतो, ‘जरा कोवळी मिळाली असती तर बरं झालं असतं’ एवढेच कानावर पडते, आणि आपण चप्पल काढता काढता ‘तुला कधीच काही पसंत पडत नाही’ असे मातृभाषेत, एका दमात आणि मुळीच विचार न करता म्हणून टाकतो. मातृभाषेचा हाच तर मोठा फायदा आहे.

‘कधीच’ आणि त्याचा जुळा भाऊ ‘नेहमी’ हे दोन शब्द मात्र हाताशी असू द्यावेत. ‘काल रात्री तुम्ही फोन न करता उशिरा आलात, मला काळजी वाटली’ हे वाक्य फार धोक्याचे आहे, कारण त्यात घडलेली एकच गोष्ट असते, तिला वेळ असते, आणि समोरचा माणूस ‘चुकलं, उद्या फोन करीन’ असे म्हणून भांडण तिथेच संपवू शकतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग यांनी तर काय घडले, काय वाटले, कशाची गरज आहे आणि काय विनंती आहे, या क्रमाने बोलण्याची पद्धतच घालून दिली. ती अंगवळणी पडली तर भावकीतली निम्मी भांडणे उपासमारीने मरतील. त्याऐवजी ‘तुम्ही नेहमी असेच’ म्हणावे. या वाक्याला ना आरंभ ना शेवट, आणि यात सासऱ्यांपासून पुढच्या पिढीपर्यंत सगळ्यांना सामावून घेता येते.

भावकीचा विषय निघालाच आहे, तर बांधाच्या भांडणाचे वर्तमान इतरांना सांगताना क्रियापद जपून निवडावे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली लोकांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवून वेग विचारला. ज्यांच्या प्रश्नात गाड्या ‘एकमेकींना लागल्या’ असे होते, त्यांनी सरासरी ताशी ३१.८ मैल सांगितला. ज्यांच्या प्रश्नात ‘आदळून चक्काचूर झाल्या’ असे होते, त्यांनी ४०.८. पुढच्या एका प्रयोगात जोरकस क्रियापद ऐकलेल्यांपैकी अधिक जणांना आठवड्यानंतर चित्रफितीत नसलेल्या फुटक्या काचाही आठवल्या. तेव्हा निपाणीकडच्या शेतावर थोरला भाऊ ‘बांध जरा सरकलाय की’ एवढेच म्हणाला असला, तरी घरी येऊन ‘दादा म्हणाला’ असे सांगू नये; ‘दादा अंगावर धावून आला’ असे सांगावे. आठवड्याभरात आपल्या स्वतःलाच त्याच्या हातातली कुऱ्हाड आठवू लागते, आणि मग खोटे बोलल्याची टोचणीही राहत नाही.

आता आपल्या भागाचे खास भांडवल, म्हणजे वाक्याच्या शेवटचा ‘की’. मुलगी गॅदरिंगची पत्रिका घेऊन समोर उभी राहते आणि ‘बाबा, शनिवारी याल ना? माझा नाच तिसराच आहे’ असे विचारते. ‘येईन’ म्हटले तर जावे लागते, ‘जमणार नाही’ म्हटले तर ती आत्ताच रडेल. ‘येतो की’ म्हणावे. यात होकाराचा सूर आहे, जबाबदारी काही नाही, आणि शनिवारी खुर्ची रिकामी राहिली तर ‘बघू की म्हटलं होतं’ असा त्याचा अर्थ मागाहून लावता येतो. मुले हा अर्थ चटकन शिकतात, आणि पुढे म्हातारपणी आपण दवाखान्यात न्या म्हणालो की तितक्याच प्रेमाने परतही करतात.

गोड बोलण्याचा कोटा वर्षातून एकदा भरावा. जोडप्यांच्या नात्यांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या निरीक्षणानुसार टिकणाऱ्या जोडप्यांत ऐन वादातही एका कडू बोलण्या-वागण्यामागे साधारण पाच गोड असतात. रोज पाच कुठून आणायचे? संक्रांतीला आपण तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगतो, शेजारचे कन्नड कुटुंब एळ्ळु-बेल्ल देऊन तेच सांगते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळाच्या पाण्यावरून दोन्ही घरे एकाच वेळी ते विसरतात. भाषिक सलोख्याचा याहून मोठा पुरावा कोणत्याही आयोगापुढे मांडता येणार नाही.

मनःस्वास्थ्याचे म्हणाल, तर मनात काय चालले आहे त्याला नाव देऊ नये. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ सालच्या अभ्यासात भावनेला शब्दांत नाव दिले की मेंदूतल्या भीतीशी निगडित अमिग्डला या भागाची हालचाल मंदावलेली दिसली. मंदावून कसे चालेल? ‘काय झालं?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हेच उत्तर द्यावे, आणि बाकीचा मजकूर भांड्यांच्या आवाजातून कळवावा. फारच आग्रह झाला, तर ‘टेन्शन आहे’ म्हणावे. अपमान, भीती, हेवा, मुलाच्या नोकरीची काळजी, सगळे त्यात मावते.

एवढे करूनही एखादे दिवशी माफी मागण्याची वेळ आली, तर ‘माझं चुकलं’ असे म्हणून सवय बिघडवू नये. सरळ अर्धा किलो कुंदा आणावा. घेताना दुकानदाराला ‘जरा ताजा द्या हं अण्णा, सकाळी मीच उगाच चिडलो, ती बिचारी गप्प बसली’ असे मोकळेपणाने सांगण्यास हरकत नाही, तो बाहेरचाच आहे. घरी आल्यावर बॉक्स टेबलावर ठेवून ‘खा की’ म्हणावे. ‘हा कशाबद्दल?’ असे तिने विचारले तर ‘असाच’ म्हणावे, आणि गेल्या तपासणीत आपल्याच रक्तात साखर निघाल्याची तिने आठवण करून दिली, तर ‘तू नेहमी अशीच’ हे वाक्य तयार ठेवावे.