गाडीच्या डेटाबद्दल काकांना उत्तर

काका, नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की फोन दिवसभर खिशात असतो, गूगलला सगळं आधीच माहीत आहे, मग गाडीच्या डेटाचा एवढा बाऊ कशाला, आणि अमेरिकेतले किस्से सांगून मी इंदूरच्या लोकांना उगाच घाबरवतोय.

फोनचं मान्य. पण फोनचं लोकेशन मी बंद करू शकतो, फोन घरी ठेवून निघू शकतो. नव्या कनेक्टेड, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या गाडीत ई-सिम (गाडीचं स्वतःचं सिमकार्ड) आतच बसवलेलं असतं, ते चालूच राहतं. आणि गाडीच्या अ‍ॅपवर परवानगी देतो एकटा मालक, गाडी चालवतात सून, मुलगा, कधी ड्रायव्हर, त्यांना कुणी विचारलं?

आता अमेरिका. जनरल मोटर्सच्या गाड्यांतून कोण जोरात ब्रेक मारतो, कोण रात्री उशिरा चालवतो ही माहिती डेटा ब्रोकरांकडे, म्हणजे लोकांची माहिती गोळा करून विकणाऱ्या कंपन्यांकडे, आणि तिथून इन्शुरन्स कंपन्यांकडे जात होती, 2024 मध्ये ते बाहेर आलं तेव्हा काहींना कळलं आपला प्रीमियम का वाढला ते. इथे आयआरडीएआयने, म्हणजे आपल्या विमा नियामकाने, 2022 मध्येच 'पे हाऊ यू ड्राइव्ह'ला, म्हणजे चालवण्याच्या पद्धतीवरून प्रीमियम ठरवायला, परवानगी दिलीय. समजून-उमजून घेत असाल तर जरूर घ्या. पण राजवाड्याजवळ ई-रिक्षा अचानक आडवी आली की कचकन ब्रेक मारणाराच नीट चालवतोय ना? आणि सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात खाऊन रात्री एकला घरी येणं इंदुरात कसली रिस्क? तिथल्यासारखा हिशोब इथे लावला तर आपण सगळेच नापास.

आणि कंपनीने काही विकलं नाही तरी धोका आहेच. फोक्सवॅगन ग्रुपच्या जवळपास 8 लाख इलेक्ट्रिक गाड्यांचा डेटा क्लाउडवर उघडा पडलेला होता, 2024 च्या डिसेंबरात ते समोर आलं, लाखो गाड्या कुठे उभ्या असायच्या तेही त्यात होतं.

इथलंच उदाहरण हवं तर माझ्या मावसभावाने सेकंडहँड गाडी घेतली, स्क्रीनवर जुन्या मालकाचं अख्खं फोनबुक, 'आई नवा नंबर', 'डॉक्टर घरचा', वर त्यांचं अ‍ॅपही जोडलेलंच! आरटीओत नाव बदललं, पण भावाची गाडी कुठे उभी आहे ते जुन्या मालकाला दिसत होतं.

चोरीसाठी ट्रॅकिंग हवंच, त्यात वाद नाही. माझी मागणी एवढीच की चोरीच्या ट्रॅकिंगची परवानगी वेगळी घ्या, ड्रायव्हिंगच्या डेटाची वेगळी. 2023 च्या डेटा कायद्यातही परवानगी ठरावीक कामापुरतीच आहे, आणि ती देण्याइतकंच काढून घेणंही सोपं असायला हवं असं लिहिलंय. त्यामुळे डिलिव्हरीच्या वेळी शोरूमवाला 'सर, मी करून देतो' म्हणत तुमच्या फोनवर सगळीकडे टिक करायला लागला, की फोन परत मागा आणि एकेक वाचून स्वतः टिक करा.