पोरगं नेमकं अडलंय कुठं?

मुलाने गणिताचा पेपर सहीसाठी पुढे सरकवला, तेव्हा त्यावर लाल शाईत 5 लिहिलेला होता. जर्मनीत 1 म्हणजे उत्तम आणि 6 म्हणजे पार बुडालेला. 5 म्हणजे सभ्य भाषेत नापास. हॅम्बुर्गात अकरा वर्षं काढूनही ही उलटी गुणपट्टी माझ्या डोक्यात बसलेली नाही, त्यामुळे क्षणभर मला बरंच वाटलं. मग मुलाचं तोंड पाहिलं.

त्याच रविवारी धाकट्या भावाचा फोन आला. तो बीड जिल्ह्यात, धारूरकडे, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. द्विशिक्षकी शाळा, दोन खोल्या, पहिली ते पाचवी. भाच्याचा पराक्रम ऐकून म्हणाला, "ताई, इथं पाचवीत असता ना, तर आता आम्हीसुद्धा त्याला बसवला असता."

हे 'आता' म्हणजे काय, ते वाचकांना ठाऊक असेल. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणालाही मागे ठेवायचं नाही असं ठरवलं. 2019 च्या दुरुस्तीने राज्यांना मोकळीक दिली, महाराष्ट्राने 2023 मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली, पुनर्परीक्षेतही जमलं नाही तर त्याच वर्गात. डिसेंबर 2024 मध्ये केंद्राने नियम बदलून स्वतःच्या म्हणजे केंद्रीय शाळांनाही तीच वाट दाखवली. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट आहेत. एक म्हणतो, ढकलपास बंद झालं ते बरं झालं, भीतीशिवाय पोरं पुस्तक उघडत नाहीत. दुसरा म्हणतो, एवढ्याशा जिवाला कशाला शिक्षा? या दोन्ही बाजूंना मूल म्हणजे ढकलगाडी वाटते, असं माझं मत झालंय. पुढे ढकलायची की दगड लावून थांबवायची, एवढाच वाद. गाडीत बिघाड काय आहे, ते बघायला कुणी वाकत नाही.

इथे तर दगड लावायची जुनी पद्धत. वर्ग पुन्हा करण्याला जर्मन लोक 'बसून राहणं' म्हणतात. आपला शब्दही तोच, 'यंदा बसला'. 2009 मध्येच क्लाउस क्लेम या शिक्षणतज्ज्ञाने हिशेब मांडला की या बसवण्यापायी देशाला वर्षाला 90 कोटी युरोंहून जास्त खर्च येतो आणि मुलांच्या शिकण्यात त्याचा फायदा दिसत नाही. काही राज्यांनी तो कमी-अधिक मनावर घेतला. हॅम्बुर्गने 2010 पासून बसवणं टप्प्याटप्प्याने जवळजवळ बंदच केलं. पण नुसतं बंद केलं नाही. ज्या विषयात 5 पडला, त्या विषयाची जादा शिकवणी शाळेने द्यायची, फुकट, छोट्या गटात, आणि मुलाने तिला यायचंच. आपण 2009 च्या कायद्याचा पहिला अर्धा भाग जोमाने राबवला. मागे पडलेल्या मुलाला खास शिकवणं आपल्याही कायद्यात आहे, पण तो अर्धा कागदावर राहिला आणि त्या कागदाचं रजिस्टर झालं. आकारिक म्हणजे वर्षभराचं मूल्यमापन, संकलित म्हणजे सत्राअखेरचं, शिवाय वर्णनात्मक नोंदी. भावाच्या मोबाईलवर वर्णनात्मक नोंदींची तयार पीडीएफ आहे: 'अभ्यासात रुची घेतो', 'सुधारणेस वाव आहे'. कुठल्याही मुलाला कुठलंही वाक्य चिकटवा, खपून जातं.

माझ्या मुलाच्या शिकवणीला विद्यापीठात शिकणारी एक मुलगी येते, गटात पाच जणं. पहिल्या दिवशी तिने काहीच शिकवलं नाही. पेपर समोर ठेवून मुलालाच विचारलं, यातली कुठली गणितं तुला येत होती? तो म्हणाला, एकही नाही. मग दोघांनी मिळून मोजलं. अपूर्णांकांचे गुणाकार सगळे बरोबर निघाले. चूक एकाच जागी होती: बेरीज करताना छेद समान न करता पठ्ठ्या वरचं वरच्यात, खालचं खालच्यात मिळवत होता. अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. त्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "आई, मला गणित येत नाही असं नाहीये, मला समच्छेद येत नाही." मी त्याला गेले वर्षभर 'मन लावून कर' असं सांगत होते. मन कुठे लावायचं, ते मलाही माहीत नव्हतं.

प्रेरणा या शब्दाचा मला आताशा वैताग येतो. सुविचार फळ्यावर लिहून, यशवंतांची भाषणं ऐकवून मागे पडलेलं मूल पुढे आल्याचं मी पाहिलेलं नाही. मी स्वतः ड तुकडीतली. आमच्या शाळेत अ तुकडीला गणिताचे चांगले सर, आणि ड तुकडीला जो उरेल तो. आम्हाला सगळी शाळा ढ तुकडी म्हणायची. (ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत अक्षरं बदलली, ढ मात्र आहे तसाच राहिला, म्हणून ढ, हे मला फार उशिरा कळलं. त्या वयात कळलं असतं तर अशोकाच्या काळापासून टिकून असल्याचा अभिमानच बाळगला असता.) आठवीत एका बाईंनी माझ्या वहीत चुकलेल्या गणिताच्या तिसऱ्या पायरीवर गोल करून लिहिलं, 'इथपर्यंत बरोबर.' ते दोन शब्द मला अजून आठवतात. त्या वर्षीची भाषणं एकही आठवत नाहीत.

भावाला हे सगळं सांगितलं तर तो हसला. "तुझा एकटा समच्छेदात अडलाय. माझे नऊजण नोव्हेंबरात अडतात."

धारूर, वडवणी, केज, पाटोदा, दिवाळी झाली की तिकडची गावं ऊसतोडीपायी रिकामी होतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आधीच खर्चलेली, आणि पाठीमागे आजी नसेल तर पोरंही फडावर. हंगामी वसतिगृहं आहेत, त्यांनी काही मुलं गावात टिकतात. बाकीची परततात ती मार्च-एप्रिलात, परीक्षेच्या तोंडावर. 'असर' या शैक्षणिक पाहणीत 2024 मध्येही देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या पाचवीच्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. या आकड्याला वर्गात काय म्हणतात ते भावाला विचारा. तो म्हणेल, मागची तीन बाकं.

गेल्या वर्षी चौथीतला एक मुलगा असाच एप्रिलात उगवला. वहीवर हातच्याची वजाबाकी येईना. भावाने त्याला विचारलं, तुमच्या गाडीत किती मोळ्या बसायच्या? पोराने गाडीच्या मोळ्या सांगितल्या, दिवसाच्या खेपा सांगितल्या, उचलीतून किती फिटले नि किती उरले तेही तोंडी सांगितलं. म्हणजे वजाबाकी येत होती, उभी मांडणी येत नव्हती. मग त्याच्याच उचलीचा हिशेब फळ्यावर मांडला आणि मागच्या तीन बाकांना शिकवायला त्यालाच उभं केलं. दीड महिन्यात तो भागाकारापर्यंत आला. दिवाळीनंतर पुन्हा गेला.

"आता त्याला पाचवीत बसवून मी काय शिकवू?" भाऊ म्हणाला. "त्याला शाळेची भीती घालायची गरज नाही. ती त्याला आहेच. परत आल्यावर पहिल्या दिवशी कुणी 'कुठं मेला होतास इतके दिवस' म्हणू नये, एवढं केलं तरी तो दुसऱ्या दिवशी येतो."

तरीही नव्या परीक्षेला त्याचा सरसकट विरोध नाही, हे सांगायला हवं. परीक्षा आल्यापासून पालक विचारायला येतात, पूर्वी येत नव्हते. पुनर्परीक्षेआधीचे दोन महिने खरोखर शिकवायला मिळाले तर त्याला ते हवेच आहेत. मिळत नाहीत, ही त्याची तक्रार. कधी मतदारयादी, कधी सर्वेक्षण, कधी ऑनलाइन माहिती आजच्या आज भरा. मी इथून 'छोटे गट करा ना' म्हणते तेव्हा तो गप्प बसतो. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळतो.

आणि हॅम्बुर्गचं कौतुक करताना माझीही जीभ अडखळते. इथे बसवत नाहीत, पण गिम्नाझियममधली, म्हणजे विद्यापीठाच्या वाटेवरच्या शाळेतली, पाचवी-सहावी हा 'निरीक्षणाचा टप्पा' असतो. सहावीअखेर गुण पुरले नाहीत तर मुलाला गिम्नाझियम सोडून दुसऱ्या प्रकारच्या शाळेत जावं लागतं. वर्ग तोच नाही, शाळाच बदलते, मित्र बदलतात. आमच्या ओळखीत असं झालेली दोन मुलं आहेत, दोघांच्याही घरी जर्मन बोलत नाहीत. माझा मुलगा सहावीत आहे. तेव्हा ही उदारमतवादी पद्धत मी निवांत बसून न्याहाळते आहे असं समजू नका.

परवा दुसरा पेपर आला. 4. म्हणजे काठावर पास. फोटो भावाला पाठवला, तर त्याने आकड्याकडे पाहिलंही नाही. "मागच्या पानावर मास्तरीणबाईंनी काहीतरी खरडलंय, ते वाचून दाखव."

मी मराठी करून वाचलं: समच्छेद आता जमतो आहे, पाचापैकी चार बरोबर. पुढे मिश्र अपूर्णांक बघू.

"एवढंच?"

"एवढंच."

"थांब," तो म्हणाला, "वही घेतो."