फ्रँक जॉन्सन यांची ट्रायल कोर्टातली चोवीस वर्षं

न्यायाधीशाची कारकीर्द आपण बढतीवरून मोजतो. हायकोर्टात गेले, सुप्रीम कोर्टात गेले की मोठे. मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकेतले ट्रायल जज, म्हणजे खटला पहिल्यांदा ऐकणारे न्यायाधीश, फ्रँक जॉन्सन यांच्याविषयी वाचल्यापासून तर मुळीच नाही.

१९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरीच्या फेडरल (केंद्रीय) जिल्हा न्यायालयात नेमलं. वय अवघं ३७. नेमणूक तहहयात, निवडणुकीची भीती नाही. पण सुप्रीम कोर्ट निकाल देतं ते दूर वॉशिंग्टनमधून. ट्रायल जज ज्या गावाच्या मनाविरुद्ध निकाल देतो, त्याच गावात त्याला राहायचं असतं. १९५६ मध्ये माँटगोमेरीच्या बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या तीन जणांच्या खंडपीठात जॉन्सन बहुमताच्या बाजूने होते. पुढे धमकी म्हणून त्यांच्या अंगणात क्रॉस जाळला गेला, १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरी बॉम्बस्फोट झाला. सुदैवाने आई वाचली. कित्येक वर्षं घराबाहेर पहारा होता.

सेल्माचं प्रकरण मला सगळ्यात जास्त शिकवून जातं. कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठी अलाबामातल्या सेल्मा गावातून माँटगोमेरीकडे मोर्चा निघाला होता. ७ मार्च १९६५ ला पोलिसांनी पुलावर मोर्चेकऱ्यांना झोडपून काढलं. मार्टिन ल्यूथर किंग यांची बाजू दाद मागायला जॉन्सन यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी आधी सुनावणी होईपर्यंत मोर्चाच थांबवला! याबद्दल त्यांना आजही दोष दिला जातो. मला मात्र यात खरा ट्रायल जज दिसतो. त्यांनी साक्षी ऐकल्या, मारहाणीची फिल्म कोर्टात पाहिली आणि १७ मार्चला परवानगी दिली. अन्याय जेवढा मोठा, तेवढा त्याविरुद्ध रस्त्यावर उतरण्याचा हक्कही मोठा, हे त्या आदेशाचं सूत्र. आणि त्याच आदेशात, रस्ता दुपदरी असेल तिथे ३०० हून जास्त माणसं नकोत, हेही. तत्त्व आणि रस्त्याची रुंदी, दोन्हींचा विचार एकाच माणसाने केलेला. आदेश ज्यांच्याविरुद्ध होता ते अलाबामाचे गव्हर्नर (राज्य सरकारचे प्रमुख) जॉर्ज वॉलेस, लॉ स्कूलमधले जॉन्सन यांचे सोबती.

मग अलाबामाच्या सरकारी मनोरुग्णालयांचा खटला. उपचारांविना नुसतं कोंडून ठेवणं घटनेत बसत नाही, असं त्यांनी १९७१ मध्ये ठरवलं. सरकारने सुधारणा केली नाही, तेव्हा पुढच्या वर्षी किमान निकष स्वतःच घालून दिले: रुग्णांमागे डॉक्टर-नर्स किती, खोलीचं तापमान किती, आठ रुग्णांमागे एक संडास. न्यायाधीशाने इस्पितळ चालवायचं का, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला, आजही घेतला जातो. आक्षेप पोकळ नाही. पण राज्य सरकार हात वर करतं, आतल्या माणसाला मत नाही, पैसा नाही, नातेवाईक फिरकत नाहीत, तेव्हा त्याने जायचं कुठे? अपील कोर्टात कायद्याचा मुद्दा पोहोचतो. संडासांची संख्या ट्रायल कोर्टातच मोजली जाते.

१९७९ मध्ये त्यांना अपील कोर्टात बढती मिळाली. १९९९ मध्ये ते गेले. मनोरुग्णालयांचा तो खटला बंद झाला २००३ साली. तोवर अलाबामाच्या सरकारला त्यांच्या आदेशाचा हिशेब कोर्टात देत राहावं लागलं.