सोबत्यांचं चिलखतही आपल्याच हाती हवं

व्हिडिओ गेममध्ये आपल्याबरोबर लढणाऱ्या सोबत्यांची चिलखतं बदलत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं, हे लेखातलं मत मला अजिबात पटलं नाही. २००७ च्या पहिल्या 'मास इफेक्ट'मध्ये गॅरस, रेक्स, टाली, प्रत्येकाचं चिलखत आपण निवडायचो, त्यात अपग्रेड बसवायचो. २०१० च्या दुसऱ्या भागात शेपर्डला, म्हणजे आपण खेळतो त्या मुख्य पात्राला, खांदे, छाती, हात-पाय सगळं सुटं, रंगही हवा तो. सोबत्यांना मात्र ठरलेले कपडे. त्यांच्यातली जॅक तर श्वास घ्यायला हवा नसते तिथेही तोंडाला नुसता मास्क लावून उघड्या अंगानं फिरते! २०१४ च्या 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' या वेगळ्या गेमनं छान मार्ग काढला: एकाच प्रकारचं चिलखत प्रत्येक सोबत्यावर त्याच्या ढंगानं दिसतं. माटुंग्याला भावाकडे खेळायला बसलो की मोहीम राहते बाजूला, त्यातल्या कॅसँड्रा या सोबतिणीला कुठला रंग शोभेल यावरच आमची जुंपते.